ज्या धारेवर मी बसलेच नव्हते

तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या याच दिवाळी अंकात माझा एक लेख आला होता. उत्तराखंडातल्या एका डोंगराच्या धारेवर, धुक्यात, सव्वा तास बसून मी काय काय पाहिलं, असा तो लेख. पुष्कळांना आवडला. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात चारजणींनी माझा हात धरून सांगितलं, "चौबळ वहिनी, अगदी तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं हो." मी नुसती हसले. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज बोलते. मी तिथे गेलेच नव्हते. तो सव्वा तास मी गुरुग्रामला आठव्या मजल्यावर, एसीखाली, कानाला हेडफोन लावून बसले होते. धारेवर दुसरीच एक बाई होती.

हे कसं झालं ते कळायला आधी माझी नोकरी कळायला हवी.

ट्रेकिंगला जाणारे लोक हल्ली विमा उतरवतात. त्या विम्याच्या कार्डावर मागे एक फोन नंबर असतो. डोंगरात कुणाचा पाय मोडला, श्वास लागला, वाट चुकली, की तो नंबर फिरवायचा. तो फोन जिथे वाजतो तिथे मी सोळा वर्षं बसले. पैशांचं काम दुसऱ्या मजल्यावर चाले, त्याच्याशी आमचा संबंध नव्हता. आमचं काम एवढंच, की माणूस नेमका कुठे आहे आणि त्याला काय झालंय हे शोधायचं, शेजारी बसलेल्या डॉक्टरांना फोन जोडून द्यायचा आणि माणसाला खाली आणायचं. चालवत, घोड्यावरून, स्ट्रेचरवरून किंवा हेलिकॉप्टरमधून. हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांना वाटतं रिक्षासारखं बोलावलं की आलं. पण ते ढग यायच्या आत, सकाळीच उडतं, आणि ढगांना कुणाच्या विम्याशी घेणंदेणं नसतं.

माणूस कुठे आहे हे त्याला स्वतःला बहुतेक वेळा सांगता येत नाही. मग आम्ही विचारायचो, पाणी उजवीकडे वाहतंय की डावीकडे? समोरच्या डोंगरावर झाडं आहेत की नुसता दगड? झाडं कुठे संपतात यावरून उंचीचा अंदाज येतो. दुसरा प्रश्न असायचा वारांचा. "सातही वार उलटे म्हणा." उंचीवर मेंदूला सूज यायला लागली की माणूस हसतखेळत बोलतो, पण वार चुकतात.

नागपूरचे एक काका होते, साठीचे. त्यांच्या पुतणीने घाबरून फोन लावला होता आणि काका तिच्यावर डाफरत होते. "मला काही झालेलं नाही. चढ जरा जास्त आहे, इतकंच."

"काका, वार उलटे म्हणा बघू."

"रविवार, शनिवार, शुक्रवार, बुधवार..."

"गुरुवार कुठे गेला?"

"गुरुवारी माझा उपास असतो," काका म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मीही हसले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी काकांना पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा मंगळवारही गेला. अर्ध्या तासात आम्ही त्यांना खाली उतरवायला लावलं. रात्रभर वर राहिले असते तर वाचले नसते, असं खालच्या डॉक्टरांनी कळवलं. पुढच्या संक्रांतीला काकांनी नागपूरहून संत्र्याची बर्फी पाठवली. आत चिठ्ठीत सातही वार उलटे लिहिले होते, बिनचूक.

अशा गोष्टी सांगितल्या की लोकांना वाटतं, काय समाधानाचं काम! समाधान होतंच. पण खरं सांगते, सोळा वर्षं मी त्या खुर्चीत मत्सराने जळत होते.

मी नाशिकची. कॉलेजात असताना आसपासचे किल्ले चढले होते. कॉलेजच्या अंकात दोन प्रवासलेख लिहिले होते, आणि आपण पुढे हेच करणार असं पक्कं ठरवलं होतं. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा वाटलं, वा, हिमालय तर एका रात्रीच्या बसवर! तो पस्तीस वर्षं तसाच एका रात्रीच्या बसवर राहिला. अविनाशची केंद्र सरकारातली नोकरी, ईशाची शाळा, मग सासूबाईंचा कंपवात. अकरा वर्षं त्यांना घास भरवावा लागे. आणि माझी नोकरी तर अशी की मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत आम्हाला रजा नसे. ट्रेकिंगचे दिवस तेच. डोंगर उघडे तेव्हा माझी रजा बंद आणि माझी रजा सुरू व्हायची तेव्हा डोंगर बर्फाखाली. जानेवारीत रजा मिळे, आणि जानेवारीत दिल्लीचा मराठी माणूस जातो कुठे? पानिपतला. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घेऊन मी पानिपतला गेले आहे. त्यावर तीन लेखही लिहिले. तिन्ही लेखांची सुरुवात रणांगणात आणि शेवट चादरीच्या दुकानात.

आणि दिवसभर कानात कोण? तर डोंगरावर गेलेले लोक. गुरुग्रामचाच एक कंपनीवाला होता. त्याच्या ऑफिसची इमारत माझ्या खिडकीतून दिसायची. चार हजार मीटरवरच्या कॅम्पातून त्याचा फोन आला, हेलिकॉप्टर पाहिजे.

"सर, तकलीफ़ क्या है?"

"तकलीफ़ ये है कि मंडे को मीटिंग है, और यहाँ कुछ है ही नहीं. आप समझ रही हैं ना? कुछ भी नहीं है."

मी विचारलं, "सर, सामने क्या दिख रहा है?" कामासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी विचारलं.

"वही, पहाड़," तो म्हणाला.

त्याला हेलिकॉप्टर अर्थातच मिळालं नाही. पण त्या दिवशी मी घरी आले, भांडी आपटली, सासूबाईंच्या खिमटीत मीठ दोनदा घातलं. 'वही, पहाड़'! मला दोन मिनिटं तिथे उभं करा, मी पाच पानं लिहीन, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी करोल बागेतून एक जाड वही आणली आणि फोनवर लोक जे सांगत ते त्यात उतरवायला लागले. ऑफिसच्या नोंदीत नाव, ठिकाण, वेळ, दुखापत. माझ्या वहीत त्यांना काय दिसत होतं ते. फोनवर ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा नियम होता, आणि तो चांगलाच नियम होता. मी तो मोडला.

मग रेवतीचा फोन आला. हे तिचं खरं नाव नाही. ती पुण्याची, माझ्याच वयाची. जूनमध्ये सकाळी दहाच्या सुमाराला एका खिंडीखालच्या धारेवर घसरून तिचा घोटा मोडला होता. वाटाड्या बाकीच्या लोकांना घेऊन खाली स्ट्रेचर आणायला गेला होता आणि तिच्यासोबत कॅम्पातला स्वयंपाकी थांबला होता. तो सुजेवर लावायला बर्फ आणायला सारखा उठून जाई. खालच्या दरीत धुकं दाटलं होतं, त्यामुळे हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. मराठी नाव दिसल्यावर फोन माझ्याकडे आला. डॉक्टर म्हणाले, "इन्हें बातों में लगाए रखिए." वेदनेने माणूस बेशुद्ध पडू नये म्हणून बोलतं ठेवायचं असतं.

मी विचारलं, "रेवतीताई, समोर काय दिसतंय?"

"धुकं," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण ते वरून नाही आलं हो. खालून येतंय. दूध तापल्यासारखं. आत्ता काठापर्यंत आलंय. आता उतू जाईल."

माझा पेन थबकला. इतक्या वर्षांत शेकडो लोकांनी मला धुकं सांगितलं होतं. असं कुणी सांगितलं नव्हतं.

ती सव्वा तास बोलत होती. पलीकडच्या उतारावरच्या मेंढ्या म्हणे हलत नव्हत्या, पण पुन्हा पाहावं तर जागा बदललेली. तिच्या तळहाताखाली अंगठ्याच्या नखाएवढं निळं फूल होतं, आणि इतका वेळ आपण त्याच्यावरच भार देऊन बसलो होतो म्हणून तिला वाईट वाटलं. मध्येच ती रडायची, मध्येच विचारायची, "मला इथे सोडून जाणार नाहीत ना?" मी म्हणायचे, "नाही. मी फोन ठेवत नाही." एका हाताने मी खालच्या गावातल्या आमच्या माणसाला मेसेज करत होते, दुसऱ्या हाताने लिहीत होते. शेवटी स्ट्रेचर पोचलं, आवाज आले, फोन कटला. संध्याकाळी ती इस्पितळात पोचल्याचं कळलं. केस बंद.

त्याच ऑगस्टमध्ये आपल्या अंकाचे संपादक टिपणीसकाका म्हणाले, "वहिनी, यंदा पानिपत नको. दुसरं काहीतरी द्या."

मी वही उघडली. तिसऱ्या पुरुषात लिहून पाहिलं, जमेना. 'एक बाई धारेवर बसली होती' असं लिहिलं की मला राग येई. तिनेच का बसावं? मग 'ती' खोडून 'मी' केलं आणि लेख एका बैठकीत झाला. मोडलेला घोटा काढला, रडणं काढलं, फोन काढला. धुकं, मेंढ्या आणि फूल ठेवलं.

ईशाने वाचून विचारलं, "आई, धार तर चाकूला असते ना? पहाडाला कशी?" माझी दिल्लीत वाढलेली लेक. अविनाशने चष्मा पुसला, लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "पण तिथे बसलं कोण?"

"लेख आहे तो. साक्ष नाही."

"बिल्कुल," तो म्हणाला आणि सासूबाईंना औषध द्यायला उठला. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर ऑफिसच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वर लिहिलं होतं, 'फोनवर मराठी बोलणाऱ्या बाईंना.' आत पुण्याचा एक दिवाळी अंक. रेवतीही लिहिते हे मला तेव्हा कळलं, आणि सात वेळा हिमालयात जाऊन आली आहे हेही. तिच्या लेखात तिची धार होती, तिचा घोटा होता. पण धुकं नव्हतं. तिने स्वच्छ ऊन लिहिलं होतं आणि आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं. 'मी शांतपणे वाट पाहत बसले,' असं एक वाक्य होतं. आणि माझ्याबद्दल? 'विमा कंपनीच्या एक बाई फोनवर होत्या.' बस्स.

मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल! चोरी मी केलेली, आणि राग मलाच. हिला डोंगर मिळतो, छापायला पुणं मिळतं, आणि मी 'एक बाई'!

पुढच्या मे महिन्यात तिचा फोन आला. घोटा सांधला होता, ती पुन्हा निघाली होती. दिल्लीत दोन दिवस थांबणार होती, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये. "तुम्हाला भेटल्याशिवाय जायचं नाही," म्हणाली. रविवारी मी गेले. पर्समध्ये आपला दिवाळी अंक होता. दाखवायचा की नाही हे मेट्रोत ठरेना.

बुटकी, उन्हाने रापलेली, मोठ्याने बोलणारी बाई. तिने मला कॅंटीनमध्ये नेलं, साबुदाण्याची खिचडी मागवली आणि माझे हात हातात घेऊन आभार मानायला लागली. ते मला सोसेना. मी अंक काढून तिच्यापुढे ठेवला.

"हे वाचा. नंतर आभार माना."

ती वाचत असताना मी खिचडीतले दाणे मोजत बसले. पहिल्या पानावर तिच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर तिने चमचा खाली ठेवला.

"हे माझं आहे?"

"हो. तुम्ही फोनवर बोललात ते. मी लिहून घेतलं होतं. मला क्षमा करा."

तिने अंक मिटला, पुन्हा उघडला. "मला यातलं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "काहीच नाही हो. धुकं होतं?"

"होतं."

"मी ऊन लिहिलं." तिने पहिलं पान पुन्हा चाळलं. मग म्हणाली, "मला फक्त पाय आठवतो. आणि कुणीतरी मराठीत 'नाही, नाही' म्हणत होतं एवढं. बाकी सगळं मी घरी बसून रचलं. लोकांना ऊन आवडतं."

मला हलकं वाटायला लागलं होतं, इतक्यात ती म्हणाली, "तुमच्याकडे ती पानं आहेत ना? मला द्या. माझं पुस्तक निघतंय. त्यातलं ते प्रकरण मला नीट लिहायचंय."

मी म्हणाले, "नाही."

तोंडातून निघून गेलं. माझं मलाच नवल वाटलं. पण त्या क्षणी मनात एकच होतं. सात हिमालय हिचे, पुस्तक हिचं, आणि आता माझी चार पानंही हिलाच?

"ऑफिसचा नियम आहे," मी म्हणाले. वर अंक तसाच समोर पडलेला!

ती चिडली, आणि बरोबर चिडली. "छापताना नियम नव्हता वाटतं? अहो, लेखात 'मी' का लिहिलंत? फोनवर होतात हेच लिहायचं होतं. ते तरी तुमचं स्वतःचं होतं."

खिचडी तशीच टाकून मी निघाले. द्वारकेपर्यंत मेट्रोत उभी होते, बसायला जागा असून. घरी अविनाशला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी रागावेल.

"झेरॉक्स देऊ का?" मी विचारलं. "मूळ पानं माझ्या अक्षरातली आहेत."

"अक्षर तुझं," तो म्हणाला. "पाय तिचा मोडला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गेस्ट हाऊसच्या दारात होते. तिची गाडी लागली होती, सॅक वर बांधून झाली होती. मी वहीतून फाडलेली चार पानं तिच्या हातात दिली. तिने तिथेच, गाडीला टेकून वाचायला सुरुवात केली. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. चौथ्या पानाच्या समासावर तिचं बोट थांबलं.

"या रेघा कसल्या?"

"तुम्ही तो प्रश्न जितक्या वेळा विचारलात तितक्या रेघा. मला सोडून जाणार नाहीत ना, हा."

तिने बोटाने रेघा मोजल्या. अकरा होत्या.

"मी लिहिलं की शांतपणे बसले होते," ती म्हणाली.

"मी तर तो प्रश्नच गाळला," मी म्हणाले.

आम्ही दोघी तिथे फुटपाथवर उभ्या होतो. तिला रडू आलं, मला नाही. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटत होता, कारण ती पाच मिनिटांत त्या गाडीत बसून डोंगराकडे जाणार होती आणि मला बाराची शिफ्ट होती. पण त्या हेव्यात आदल्या दिवसाचा कडवटपणा राहिला नव्हता, एवढं नक्की.

तिचं पुस्तक गेल्या वर्षी आलं. ते प्रकरण मी वाचलं. धुकं आहे, रेघा आहेत, फोनवरच्या 'नीलिमाताई', म्हणजे मी, दीड पानभर आहेत. माझ्या लेखापेक्षा किती तरी चांगलं उतरलंय. हे लिहिताना अजूनही दात आवळले जातात, पण खरं ते खरं.

टिपणीसकाकांना मी म्हटलं, मागच्या लेखाचा खुलासा छापा. ते म्हणाले, "अहो वहिनी, तीन वर्षांनी कोण विचारतंय?" मी म्हणाले, कुणी नाही विचारत, म्हणूनच. मग ते म्हणाले, खुलासा दोन ओळींत कोण वाचतो, सविस्तर लिहा. रेवतीला परवानगी विचारली. तिने दोन अटी घातल्या. नाव बदला, आणि मी घाबरले होते ते गाळू नका.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी मार्चमध्ये निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये रेवतीचा फोन आला. ऑक्टोबरच्या शेवटी पाच दिवसांचा सोपा ट्रेक आहे, येता का? 'सोपा' हा शब्द मला टोचला. सात वेळा जाऊन आलेल्या माणसालाच तो परवडतो. मी गुडघ्यांचं कारण सांगणार होते. अविनाशने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "चलो, येतेय ती."

ट्रेकसाठी विम्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना असतो, 'यापूर्वी गाठलेली सर्वाधिक उंची'. आमच्या डेस्कवर सगळ्यांना ठाऊक होतं की त्या रकान्यात लोक थापा मारतात. आम्ही डोळे मिटून हजार मीटर वजा करत असू.

अविनाश खांद्यावरून डोकावत होता. "दोन हजार मीटर लिही की," तो म्हणाला. "मसुरी तेवढी असेलच."

"ती गाडी चढली होती. मी नाही."

"अगं, फॉर्म आहे तो. कोण तपासतंय?"

मी लिहिलं, 'मसुरी. गाडीने.' आणि खाली सही केली.